लिंक अप

जुलै २०२१. पंचगंगा ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून बरीच वर गेली होती, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात पाणी नव्हतं. नळालाही नव्हतं, कारण उपसा केंद्रं बुडाली होती. मी माळ्यावर बसून पुण्याच्या ऑफिसचं काम करत होतो. इन्व्हर्टरवर राऊटर चालू, लॅपटॉपला केबल जोडलेली, हिरवा दिवा लुकलुकतोय. आणि टर्मिनल गोठलेलं.

शेजारी फोनचा हॉटस्पॉट चालू होता, लॅपटॉप त्यालाही जोडलेला होता. तरी एकही पॅकेट तिकडून जाईना.

याचं कारण साधं आहे. लिनक्सकडे रस्त्यांचा एक तक्ता असतो. दोन रस्ते असले तर ज्याचा आकडा कमी तो आधी. नेटवर्क मॅनेजर केबलला १०० देतो, वायफायला ६००. इंटरफेस आपण स्वतः डाउन केला, तर कर्नल त्यावरून जाणारे मार्ग लगेच खोडतो आणि पुढचा रस्ता आपोआप मिळतो. पण माझी केबल शाबूत होती. तुटलं होतं ते राऊटरच्या पलीकडे, गल्लीबाहेर कुठंतरी. कर्नल फक्त पहिल्या तारेपुरतं बघतो. लिंक अप, म्हणजे रस्ता चालू. पॅकेटं जात राहिली, बुडत राहिली.

मी केबल उपसली. नेटवर्क मॅनेजर काही सेकंद थांबला, मग तो मार्ग काढून टाकला. फोनवरून पुन्हा लॉगिन केलं, काम सुरू.

खाली जेवताना पप्पांना हे सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "एकोणीसला आमचं बी तसंच झालतं की."

ऑगस्ट २०१९ मध्ये मी पुण्यात नोकरीला नवा होतो. हायवे बंद, एसटी बंद. रोज फोन करायचो. "बरं हाय न्हवं?" "सगळं बरं हाय. तू काम बघ." लागला की फोन तेवढाच.

दोन वर्षांनी कळलं, की त्या आठवड्यात आईचं इन्सुलिन संपलं होतं. पप्पा चार दुकानं फिरले, माल वर आलाच नव्हता. दीड दिवसानं शेजारच्या काकूंनी त्यांच्यातली एक बाटली दिली.

"पप्पा, मला कळवायचं न्हाई का?"

"तू काय पोहत येणार हुतास?"

मी येऊ शकत नव्हतो, खरं. पण राजारामपुरीत माझा मित्र राहतो, त्याचा भाऊ औषधांच्या होलसेलमध्ये आहे. एक फोन पुरला असता. तो रस्ता पूर्णवेळ चालू होता. मी तो घेतला नाही, कारण माझ्या तक्त्यात पहिला रस्ता ठणठणीत होता. आवाज येत होता, म्हणजे सगळं बरं. पप्पांवर चिडावं तर विचारणाराही मीच होतो, आणि मी दिवाच बघत होतो.

यावर नेटवर्क मॅनेजरकडे एक तोड आहे. तो अधूनमधून बाहेरच्या एका ठरलेल्या पत्त्यावर विनंती पाठवून बघतो. उत्तर नाही आलं, तर त्या रस्त्याच्या आकड्यात २०,००० मिळवतो. रस्ता खोडत नाही, फक्त मागं ढकलतो. माझ्या लॅपटॉपवर ही तपासणी बंद होती. त्या रात्री चालू केली.

आता पुण्यातून फोन करतो तेव्हा "बरं हाय न्हवं?" विचारत नाही. विचारतो, "फ्रिजमध्ये बाटल्या किती?"

पप्पा वैतागतात. पण उठून मोजतात.