चिखलाचा टायर

दुकानात एमटी, म्हणजे चिखलासाठीचा मड-टेरेन टायर उभा दिसला की हात आपोआप त्याच्या खाचांकडे जातो. बोटाचं पेर आत बुडतं. दुकानदार म्हणाला, "साहेब, थारला हाच शोभतो." शोभतो, वादच नाही!

चिखलात खरी करामत असते ती त्या मोकळ्या जागेची. खाचा रुंद असल्या की चाक फिरताना चिखल बाहेर भिरकावला जातो आणि रबराचे ठोकळे पुन्हा मातीत रुततात. अरुंद खाचा लिंपल्या की टायरचा गुळगुळीत गोळा होतो, गाडी जागच्या जागी चाकं फिरवत बसते. आपली काळी माती तर भलतीच चिवट. तिथे एमटीच हवा.

पण माझी गाडी जास्त धावणार ती डांबरावर. ताम्हिणी घाटात भर पावसात, ओल्या वळणावर, कमी टेकणारं रबर घेऊन ब्रेक दाबायचा? शिवाय तो घूं-घूं आवाज, आणि डिझेलही जास्त.

खाचांपेक्षा मला रिमचा हिशेब जास्त पटतो. अठरा इंची रिमवरच्या 255/65 टायरची बाजूची भिंत साधारण 166 मिलिमीटर, सोळा इंचीवरच्या 245/75 ची 184. हवा उतरवली की ही जादा उंची कामाला येते. टायर पसरतो, दगडावरही बसतो.

तेव्हा सोळा इंची रिम आणि एटी, म्हणजे सगळ्या रस्त्यांसाठीचा ऑल-टेरेन टायर. एमटी टाळून वाचलेल्या पैशात छोटा कंप्रेसर घेईन. हवा उतरवलेली गाडी पंपापर्यंत डांबरावरून दामटणं बरं नव्हे.