मांडलेले पान

आपल्या सीमाभागातल्या दोन्ही भाषा निरोपाच्या बाबतीत सख्ख्या बहिणी आहेत. मराठी माणूस उंबऱ्यावर 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. आमचे कन्नड शेजारी 'होगि बर्तीनि' म्हणतात, म्हणजे 'जाऊन येतो'. जाण्याचा नुसता उच्चार नको, त्यात येणे मिसळलेले बरे, अशी दोघांचीही समजूत. नकाराचेही तसेच आहे. आपण 'बघू' म्हणतो, ते 'नोडोण' म्हणतात आणि ऐकणारा दोन्हींचा अर्थ बरोबर ओळखतो. वर्गणी मागायला आलेल्या मंडळींना 'बघू' म्हटले की ती मुकाट्याने पावतीपुस्तक मिटतात.

हा मऊपणा चालतो तोवर चालतो. पंचाईत होते ती एकदा 'होय, नक्की येतो' म्हणून बसल्यावर. दिलेला होकार मागे घ्यायला आपल्याजवळ शब्दच नाहीत. आहे ती फक्त गैरहजेरी. आपण जात नाही आणि पुढे कधी गाठ पडली की 'अहो, अगदी निघालोच होतो' म्हणतो. तिकडे आपल्या नावाचे पान मांडलेले असते, मीठ-लिंबू वाढलेले असते आणि बाहेर कोणीतरी पुढच्या पंगतीची वाट पाहत ताटकळत असते. त्या दोघांची गाठ आपण पडू देत नाही, एवढेच आपले कर्तृत्व.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो २०२४ सालच्या ऑक्टोबरात. दसऱ्याच्या सुट्टीला थोडी रजा जोडून मी धाकट्या बहिणीकडे अमेरिकेत, ओहायो राज्यात गेलो होतो. माझी भाची त्या वर्षी वैद्यकीय महाविद्यालयांच्या मुलाखती देत होती. घरात दुसरा विषय नव्हता. जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी तिची तारखांची वही असायची.

तिथली रीत आपल्याहून अगदी निराळी आहे. बारावी झाली की डॉक्टरकीला, असे तिथे नाही. आधी चार वर्षांची पदवी, मग 'एमकॅट' नावाची परीक्षा, मग अर्ज. एकेक मूल पंधरा-वीस कॉलेजांना अर्ज करते. अर्ज करणारे वर्षाला सुमारे ५२ हजार आणि प्रत्यक्ष प्रवेश मिळणारे सुमारे २३ हजार. अर्ज वाचून कॉलेज त्यांतल्या थोड्यांना मुलाखतीला बोलावते. २०२० च्या महामारीपासून पुष्कळ मुलाखती संगणकाच्या पडद्यावरच होतात. काही कॉलेजांत तर एकच लांब मुलाखत नसते, आठ-दहा छोट्या खोल्या असतात आणि प्रत्येक खोलीत नवा परीक्षक, नवा प्रसंग. ही पद्धत कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात या शतकाच्या आरंभी निघाली. अशा मुलाखतींचे दिवस मोजके, खुर्च्या मोजक्या. आमंत्रण आले की विद्यार्थ्याने लगेच तारीख निवडून होकार कळवायचा. उशीर केला तर ती तारीख दुसरा उचलतो.

भाचीला पाच आमंत्रणे आली होती आणि तिने पाचही स्वीकारली होती. चार मुलाखती झाल्या. पाचवी नोव्हेंबरात, दूरच्या एका नामांकित कॉलेजाची. कॉलेजांनी प्रवेशाचा होकार १५ ऑक्टोबरच्या आधी कळवू नये असा तिथला सर्वसाधारण संकेत आहे. त्या तारखेनंतर दोनच दिवसांनी तिच्याच राज्यातल्या सरकारी विद्यापीठाचे उत्तर आले : प्रवेश मिळाला. बहिणीने देवापुढे साखर ठेवली. बेळगावला आईला फोन झाला. आणि चौथ्या दिवशी भाची म्हणाली, "मी नोव्हेंबरची मुलाखत रद्द करणार."

घरात शांतता पसरली. मेहुण्यांनी चष्मा काढून ठेवला. त्यांचे म्हणणे अगदीच गैर नव्हते. "नाव केवढं मोठं आहे त्या कॉलेजचं! मुलाखत देऊन तर ये. दोन कागद हातात असले की शिष्यवृत्तीचं बोलता येतं." इचलकरंजीसारख्या गावातून निघून तिथवर पोहोचलेल्या माणसाला दोन कागदांची किंमत ठाऊक असते. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये हे जसे खरे, तसे समोर आलेले दार आपल्या हाताने लावू नये हेही खरेच. भाचीने वाद घातला नाही. वही उघडून आकडे दाखवले. राज्याच्या रहिवाशाला सरकारी विद्यापीठात फी कमी पडते. कर्ज काढून शिकलेल्या मुलांच्या डोक्यावर तिथे पदवी घेताना साधारण दोन लाख डॉलरचा बोजा असतो. तिला खेड्यापाड्यांतल्या कुटुंबांची डॉक्टर व्हायचे होते, त्याला तो बोजा परवडणारा नव्हता. "त्यांनी बोलावलं, प्रवेश दिला, शिष्यवृत्तीही दिली, तरी मी इथेच राहणार आहे. मग तिथे बसून 'मला तुमच्याकडेच यायचं आहे' असं कसं सांगू?"

याला मेहुण्यांकडे उत्तर नव्हते. पण बहीण आमच्या शहापूरची. ती म्हणाली, "जायचं नाही तर नको जाऊस. पण कळवायचं आणि कशाला की? नाही दिसलीस की समजतील की ते!"

भाची जे म्हणाली ते मी त्याच रात्री टिपून ठेवले. तिची वसतिगृहातली मैत्रीण दुसऱ्यांदा अर्ज करीत होती. पहिल्या वर्षी एकही आमंत्रण आले नव्हते, यंदाही तोवर नव्हते. रोज सकाळी ती आधी टपाल पाहायची, मग दात घासायची. "आई, माझी खुर्ची तिलाच मिळेल असं नाही. ती त्या कॉलेजच्या यादीत आहे की नाही तेही मला माहीत नाही. पण तिच्यासारखं कोणीतरी आहेच ना. मी आज सांगितलं तर त्यांना महिनाभर मिळतो. मी नुसतीच गेले नाही तर ती खुर्ची कोणाचीच होत नाही."

बहिणीला ते पटले, पण पुरते नाही. आपल्या बायकांचे मन मोडणे सोपे नसते. ती म्हणाली, "बरं, लिही. पण नुसतं नको म्हणून लिहू नकोस, बरं दिसत नाही. आजी आजारी आहे म्हणून लिही."

आजी म्हणजे आमची आई. वय ब्याऐंशी. त्या घटकेला ती बेळगावात ठणठणीत होती आणि चकलीची भाजणी भाजत होती. मला हसू आवरेना. आपल्याकडच्या नकारांनी किती आज्यांना फुकट ताप आणला असेल! किती मावश्या एकाच वर्षात दोनदा दवाखान्यात गेल्या असतील! भाची मात्र हसली नाही. "आई, मी डॉक्टर व्हायला निघालेय. आणि त्यांना लिहिलेलं माझं शेवटचं पत्र एका खोट्या आजारपणाचं असू दे म्हणतेस?"

त्यावर बहीण उठून आत गेली. थोड्या वेळाने चहा घेऊन आली, म्हणजे परवानगी मिळाली.

पत्राचा पहिला खर्डा भाचीने मला दाखवला. "मामा, तू इतकी वर्षं पत्रं शिकवतोस, बघ जरा." पत्र पानभर होते. त्यात कर्जाचा हिशेब होता, मिळालेल्या प्रवेशाचे वर्णन होते, तीनदा क्षमायाचना होती. मी म्हटले, "हे पत्र त्यांच्यासाठी आहे की तुझ्या मनाच्या समाधानासाठी?" मग आम्ही दोघांनी ते कापत आणले. शेवटी उरले ते इतके : आपण मला मुलाखतीला बोलावलेत याबद्दल मनापासून आभार. अमुक तारखेची मुलाखत मी स्वीकारली होती. नीट विचार करून मी दुसरीकडे जाण्याचे ठरवले आहे, म्हणून ती मुलाखत रद्द करावी आणि माझा अर्ज मागे घेतला असे समजावे. ही जागा दुसऱ्या उमेदवाराला देता यावी म्हणून आताच कळवत आहे. खाली पूर्ण नाव आणि अर्जाचा क्रमांक. ज्या कारकुनाच्या हाती हजारो अर्ज असतात, त्याला आपल्या भावनांपेक्षा आपला क्रमांक अधिक उपयोगी.

एका वाक्यावर आम्ही बराच वेळ थांबलो. 'अर्ज मागे घेतला असे समजावे' हे लिहायचे की नुसती 'तारीख बदलून मिळेल का' असे विचारायचे? मेहुणे दुसऱ्या पर्यायाच्या बाजूचे होते. दार किलकिले राहते. पण तारीख बदलणे आणि अर्ज मागे घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मन खरोखर ठरले नसेल तर तारीख बदलून घेण्यात काही गैर नाही, मुलाखत देऊन यावी हेही योग्य. ठरले असेल तर मात्र किलकिले दार दुसऱ्याच्या वाटेतच येते. एकदा मागे घेतलेला अर्ज त्या वर्षी परत उभा करता येईल अशी आशा धरायची नसते, म्हणून ते वाक्य लिहिताना हात थोडा जड होतो. भाचीचाही झाला. तिने ते वाक्य मोठ्याने वाचले, आईकडे पाहिले आणि पत्र पाठवले.

दुसऱ्या दिवशी उत्तर आले. दोन ओळी : वेळेवर कळवल्याबद्दल आभार, पुढील शिक्षणासाठी शुभेच्छा. मेहुण्यांनी ते दोनदा वाचले. काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी आइस्क्रीम घेऊन आले.

तिथल्या कॉलेजांच्या संघटनेचे विद्यार्थ्यांना सांगणेच आहे की जिथे जायचे नाही तिथला अर्ज तत्परतेने मागे घ्या. एकाहून अधिक प्रवेश हाती असतील तर ३० एप्रिलपर्यंत एकच ठेवून बाकीचे सोडा. म्हणजे भाचीने काही जगावेगळे केले असे नव्हे. पण सांगणे कागदावर असते आणि आजीचा ताप जिभेवर तयार असतो, या दोहोंमध्ये माणसाला उभे राहावे लागते.

आपल्याकडे मुलाखतीचा हा प्रश्न आता फारसा उरलेला नाही. २०१६ पासून देशभर 'नीट' आली. २०२४ साली २३ लाखांहून अधिक मुले त्या परीक्षेला बसली. एवढ्यांचे चेहरे पाहणार कोण? वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पूर्वी लेखी परीक्षेनंतर मुलाखती आणि कसोट्या होत. आजही पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात 'नीट'नंतर मुलाखत आहे. बाकी सगळे गुणांवर आणि फेऱ्यांवर. पण मांडलेल्या पानाचा प्रश्न गेलेला नाही, त्याने फक्त वेश बदलला. पुढच्या फेरीत मिळालेली जागा घेऊन तिथे न जाणाऱ्याची अनामत रक्कम जप्त होते आणि अगदी शेवटच्या फेरीत असे करणाऱ्याला पुढे परीक्षेचीच मनाई होऊ शकते. नियम इतके कडक का करावे लागले, याचे उत्तर आपल्या 'बघू'मध्येच आहे. शब्दाने होत नाही ते दंडाने करावे लागते.

आणि डॉक्टरकीपर्यंत तरी कशाला जायचे? आमच्या शाळेत आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धा असते. एके वर्षी चाळीस मुलांची नावे पक्की होऊन आली आणि प्रत्यक्ष उभी राहिली बावीस. अठरा वाट्या उपीट उरले ते आम्ही वसतिगृहात पाठवले. पण ज्या शाळांना 'जागा भरल्या' म्हणून मी स्वतः नकार कळवला होता, त्यांच्या मुलांकडे पाठवायला माझ्याजवळ काही नव्हते.

परत आल्यावर मी नववीचा पत्रलेखनाचा तास मुद्दाम मागून घेतला. तीस वर्षे मी मुलांना पत्रे शिकवत आलो. निमंत्रण, अभिनंदन, रजेचा अर्ज, नळाला पाणी येत नाही अशी तक्रार. दिलेला होकार मागे घेणारे पत्र कोणी मला शिकवले नव्हते आणि कोणी माझ्याकडे मागितलेही नव्हते. मी फळ्यावर विषय लिहिला : 'मित्राच्या बहिणीच्या लग्नात पंगतीला वाढायला येतो असे तुम्ही कबूल केले होते. आता जाता येणार नाही. तसे कळवा.'

एक्केचाळीस वह्या जमा झाल्या. सतरा घरांत आजी आजारी पडली. दोन वारल्या. एकाने चार पाने भरून कारणे दिली आणि जाणार की नाही ते सांगायचे राहूनच गेले. एका वहीत मात्र चारच ओळी होत्या. 'मी येतो म्हणालो होतो. त्या दिवशी माझी परीक्षा आहे, येऊ शकणार नाही. माझ्याऐवजी वाढायला दुसरा मुलगा आजच बघून ठेवा. आणि माझे पान धरू नका, तांदूळ तेवढे कमी टाका.'

मी त्या मुलाची चौकशी केली. त्याचे वडील लग्नाकार्यात आचारी आहेत. किती माणसांचा भात टाकायचा हे आदल्या रात्री ठरते, हे त्याला मी शिकवलेले नव्हते.