फुगलेला गणपती

"गणपती काहून फुगला बाप्पा?"

लग्नपत्रिकेचं प्रूफ पाहायला आलेल्या काकांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. खरंच फुगला होता. कलशही दुधीभोपळ्याऐवजी लाल भोपळ्यासारखा दिसत होता. छापताना बरोबर येईल, असं मी म्हणालो, तर काका म्हणाले, "छापीन तवा छापीन. मले आता दिसते ते तं असंच हाये."

नेरला माझं डीटीपीचं दुकान. आदल्या आठवड्यात गेलेली लाइन परत आली आणि डबा मॉनिटर फट् करून विझला. तुळशीचं लग्न नुकतंच लागलेलं, म्हणजे ऐन सीझन. अमरावतीहून साडेअठरा इंची एलईडी आणला, एसटीत मांडीवर धरून. मशीन मात्र एक्सपीचं. मायक्रोसॉफ्टने एक्सपीवरचा हात ८ एप्रिल २०१४ लाच काढला, पण मला काढता येईना. पेजमेकरमधल्या कितीतरी वर्षांच्या पत्रिका श्रीलिपीच्या जुन्या फाँटात. युनिकोडच्या मशीनवर उघडल्या की 'चि. सौ. कां.'च्या जागी इंग्रजी अक्षरांचं भुसकट. शिवाय सॉफ्टवेअरचं कुलूप मागच्या पॅरलल पोर्टला लावलेलं. नव्या मशीनला ते भोकच नसतं.

मॉनिटर १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा, मशीन देत होतं १०२४ बाय ७६८. उंची तेवढीच, रुंदी एक तृतीयांशाने ताणलेली. सेटिंगमध्ये नाव दिसत होतं नुसतं 'डिफॉल्ट मॉनिटर'. म्हणजे दोघांची ओळखपाळखच नाही. मॉनिटर आपली कुंडली १२८ बाइटांत मांडून ठेवतो, आणि ती व्हीजीए केबलच्या १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून मशीनला मिळते. प्लग काढून टॉर्चखाली धरला. पाच-पाच पिनांच्या तीन ओळी. नववी नव्हती, ती बऱ्याच केबलींना नसतेच. पण तिसऱ्या ओळीतली दुसरी, म्हणजे बारावीच, आडवी झोपलेली. गोधडीच्या सुईने श्वास रोखून सरळ केली. तुटली असती तर पुन्हा अमरावती.

नाव आलं. १३६६ काही येईना.

त्यामागचं गणित रात्री कळलं. जुन्या ग्राफिक्सला रुंदीचा आकडा आठने भाग जाणारा लागतो. १३६६ ला आठने भागलं की सहा उरतात. १३६० ला मात्र पूर्ण भाग जातो, पण मदरबोर्डच्या ग्राफिक्सच्या यादीत तेही नव्हतं. मग अमरावतीची वारी झालीच. जुन्या मशीनच्या ढिगातून एनव्हिडियाचं एजीपी कार्ड उचललं, साडेतीनशेत. त्याच्या ड्रायव्हरमध्ये आकडे हाताने घालता येतात. उत्साहात रिफ्रेश ७५ ठेवला, तर स्क्रीन काळीठिक्कर आणि मधोमध 'इनपुट नॉट सपोर्टेड'. पोटात गोळाच आला. पण एक्सपी शहाणं. पंधरा सेकंदं कोणी हो म्हणालं नाही की आपणहून मागच्या सेटिंगवर येतं. मग ६० घातला, १३६० बाय ७६८. कडेला काळी रेघ राहिली, तिच्याकडे कोण बघतं!

सकाळी काका आले. चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनला नाक लावलं.

"आता जमला गणपती," म्हणाले. "पण भाऊ, नवरीच्या मामाचं नाव राह्यलं ना."