टिंबर

भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या दुसऱ्या कलमात झाड उभं असेपर्यंत झाड असतं. ते पडलं किंवा पाडलं, की त्याचं 'टिंबर' होतं. मग ते चिरलेलं असो, तासलेलं असो, नाहीतर पोखरून त्याचा डोंगा केलेला असो. एटापल्ली तालुक्यातल्या ग्रामसभांसाठी वनहक्कांवरची एक छोटी इंग्रजी पुस्तिका मराठीत करताना या एका शब्दापाशी मी आठवडाभर थांबले.

सरकारी मराठीत प्रतिशब्द तयार आहे: इमारती लाकूड. पण व्याख्या तर सगळ्याच लाकडाची आहे. इमारती म्हटलं की डोळ्यांपुढे सागाचे ओंडके येतात. वखराची दांडी, कुडाचा खांब कुणाच्या मनातही येत नाही, आणि वाचणारीला वाटणार, ते आपलंच. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी वनहक्कधारकांना दिली. मोह, तेंदू, मध, लाख, बांबू, काटक्याकुटक्यासुद्धा. टिंबर त्याच्या बाहेर ठेवलं. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशात 'जंगल' या शब्दाचा अर्थ शब्दकोशातला घ्यायचा असं सांगितलं होतं. अनुवादकाच्या हत्याराला एवढा मान क्वचित मिळतो. टिंबरच्या बाबतीत शब्दकोशाचा काही उपयोग नाही.

शब्दाने काय होतं ते बांबूने दाखवलंय. बांबू हे गवत, पण १९२७ च्या कायद्याने त्याला झाडांत धरलं, म्हणजे तोडलेला बांबू टिंबर. मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, तरी बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडला. 'झाड' या व्याख्येतून बांबू निघाला तो २०१७ मध्ये.

पहिला खर्डा गावात वाचून दाखवणाऱ्या कार्यकर्त्याचा फोन आला. "ताई, एक बाई विचारतात, खदानीसाठी मोहाचं झाड पाडलं तर ते कोणाचं?"

पुस्तिकेत याचं उत्तर नव्हतं. कायदे शेजारी शेजारी ठेवून वाचले तर होतं. सुरजागडच्या परिसरात लोहखनिजावरच्या प्रक्रियेसाठी नऊशेहून अधिक हेक्टर वनजमीन वळवायला २०२५ मध्ये केंद्राने तत्त्वतः मंजुरी दिली. तोडायची झाडं लाखाच्या वर. अशा प्रस्तावांत झाडांची मोजदाद जातीनुसार आणि घेरानुसार होते. मोहाच्या नावापुढे छातीच्या उंचीवरचा घेर लिहिला जातो. चैत्रात त्याच्याखाली किती टोपल्या फुलं पडतात, याला त्या यादीत रकाना नसतो. उभ्या मोहाची फुलं बाईंची. झाड आडवं झालं त्या दिवशी ते टिंबर: शिक्का, डेपो, लिलाव, रक्कम शासनजमा. जमिनीचं 'निव्वळ वर्तमान मूल्य' जंगलाचा प्रकार आणि घनता पाहून दर हेक्टरी ठरतं आणि प्रतिपूरक वनीकरणाच्या निधीत जातं. फुलांवरचा हक्क कोणी काढून घेतला असं कुठल्याच कागदावर दिसत नाही. झाडच एका शब्दातून दुसऱ्या शब्दात गेलं, एवढंच.

आणखी एक. त्याच १९२७ च्या व्याख्येत जंगलातली माती, दगड आणि खाणीतून निघणारं सगळं हेही वनोपजच आहे. म्हणजे मोहाचं फूल आणि लोखंडाचा दगड एका घरातले. पुढे दगड प्रमुख खनिज झाला आणि फूल गौण.

लाकूड हीच झाडाची किंमत धरायला सिंहभूमच्या लोहपट्ट्याने १९७८ मध्ये उघड नकार दिला होता. तिथे सरकारी वनविकास महामंडळ सालाचं जंगल काढून साग लावत होतं. सालाच्या पानांच्या पत्रावळी होतात, बियांचं तेल निघतं, तो फुलला की सण येतो. 'हो' भाषेत तो सरजोम. सागाखाली गावाला वेचायला काही नाही. लोकांनी रोपं उपटली. साल म्हणजे झारखंड आणि सागवान म्हणजे बिहार, अशी त्यांची घोषणा होती. झारखंड राज्य तेव्हा बावीस वर्षं दूर होतं. ८ सप्टेंबर १९८० ला गुआ या खाणीच्या गावी गोळीबार झाला. जखमींना रुग्णालयात नेलं, तिथेही गोळ्या झाडल्या गेल्या.

ती घोषणा मी कधी मराठीत करू पाहिली तर शब्द लगेच मिळतात, पण राग पोचत नाही. आमच्याकडे साग ही घराची प्रतिष्ठा. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान निघालं ते मिरवणुकीने.

शेवटी मी 'इमारती' काढून टाकलं आणि 'पडलेलं किंवा तोडलेलं कोणतंही लाकूड' असं लिहिलं. पुस्तिका काढणाऱ्यांना ते लांबलचक वाटलं, तरी त्यांनी राहू दिलं. मोहाबद्दल चार ओळी वेगळ्या चौकटीत घालायला सांगितल्या. छापून झाल्यावर मी कार्यकर्त्याला विचारलं, गावात माडियात समजावून सांगताना या शब्दाला तुम्ही काय म्हणता?

"टिंबरच म्हणतो, ताई," तो म्हणाला. "गार्ड तेच म्हणतो, डेपोत तेच म्हणतात. तेवढा एक शब्द सगळ्यांना येतो."