पोकळीचा भाव

माणसाने वस्तू घ्यावी ती एकदम घ्यावी. विचार करून घ्यायला गेलं की वस्तू दुकानातच राहते आणि विचार तेवढा घरी येतो. तो पुसून कपाटावरही ठेवता येत नाही. हे शहाणपण मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी आलं, तेही चौदा महिने गिटारींची तुलना केल्यावर.

गिटार म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर गॅदरिंगमधला एखादा झिपऱ्या पोरगा येईल. त्याच्या हातातली गिटार सपाट पोटाची असते. मला हवी होती ती आर्चटॉप. तिचं पोट व्हायोलिनसारखं कमानदार असतं, त्यावर दोन बाजूंना इंग्रजी एफ अक्षराच्या आकाराच्या खाचा असतात, आत सगळी पोकळी आणि तारांखाली विजेचा पिकअप. हिचा आवाज खणखणीत नसतो. पंक्तीचं जेवण आटोपून पान जमवलेल्या गृहस्थाने लोडाला टेकून बोलावं, तसा तो गोल, भरलेला आणि कसलीही घाई नसलेला असतो.

या वेडाला आमचे मामा जबाबदार. त्यांच्याकडे 'कॉल ऑफ द व्हॅली'ची कॅसेट होती. 1967 सालचं हे ध्वनिमुद्रण. शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी ऐकून सगळं घर डोलायचं. मी मात्र तिसऱ्या माणसाकडे कान लावून बसायचो. ते ब्रिजभूषण काब्रा. त्यांनी गिब्सन कंपनीची 'सुपर 400' ही आर्चटॉप मांडीवर आडवी घेऊन तिच्यातून राग काढले, हे मला पुढे कळलं. विश्वमोहन भट्टांची मोहनवीणासुद्धा मूळची आर्चटॉपच आणि तिने 1994 साली ग्रॅमीपर्यंत मजल मारली. तेव्हा हे वाद्य परकं असलं, तरी आपल्या मांडीवर बसलेलं आहे.

मी स्वतः मात्र बी.कॉम. होऊन बँकेत बसलो. बोटांना तारांचे घट्टे पडायच्या वयात नोटा मोजून मोजून बोटं गुळगुळीत झाली. होस्टेलमधून आणलेली एक खुंटी नसलेली गिटार होती, तिच्यावर सहा कॉर्ड येत. त्यातला एफशी तर माझी नुसती तोंडओळख. पुढे लग्न झालं, घराचे हप्ते सुरू झाले आणि गिटार माळ्यावर गेली.

मग 2024 च्या मार्चमध्ये बाराव्या द्विपक्षीय करारावर सह्या झाल्या. पगार वाढला, 'कारकून' जाऊन आम्ही 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' झालो आणि नोव्हेंबर 2022 पासूनची थकबाकी एकरकमी हातात पडली. पदनामाने घरात काही फरक पडला नाही. थकबाकीने मात्र माझ्या डोक्यात गिटार वाजू लागली.

आता बँकवाला गिटार घेणार म्हणजे आधी तक्ता आला. नाव, साल, लाकूड, पिकअप, किंमत, फेरविक्रीमूल्य आणि शेवटी शेरा. आमची शाखा वेरूळला. संभाजीनगरहून रोजची तीस किलोमीटरची ये-जा. त्यामुळे अभ्यासाला बस आणि उपमेला लेणी, दोन्ही फुकट होतं.

आर्चटॉपमधला पहिला भेद असा, की उंची गिटारीचं पोट स्प्रूसच्या भरीव लाकडातून वरून कोरत कोरत काढतात. हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. शाखेपासून हाकेच्या अंतरावर कैलास लेणं उभं आहे. आठव्या शतकात राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळात एकाच खडकातून, आधी कळस मग पाया, असं वरून खाली कोरलेलं. काम उलटं, पण खातं जुळलं! दुसऱ्या जातीच्या गिटारीत लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून साच्यात दाबतात. तिची उपमा आमच्या घराजवळ होती. बीबी का मकबरा. खाली कमरेएवढं आणि वर घुमटाला संगमरवर, मधे बराचसा गिलावा. लांबून ताजमहाल, जवळून अंदाजपत्रक.

तक्त्यात पहिली आली गिब्सनची एल-5. 1922 साली निघालेली. व्हायोलिनच्या खाचा गिटारीला पहिल्यांदा हिनेच मिरवल्या. हा कैलास. किंमत पाहिली तर आमच्या गृहकर्जाच्या उरलेल्या मुद्दलाशी तिची भाऊबंदकी निघाली. दुसरी त्याच घरची ईएस-175. ही 1949 ची, पापुद्र्यांची, म्हणजे मकबरा. तेव्हा किंमत 175 डॉलर, म्हणून नाव 175. आमच्या कर्जयोजनांना असं सरळ नाव दिलं असतं, तर काउंटरवरची निम्मी भांडणं मिटली असती. तिसरी जपानच्या आयबानेझची जीबी-10. 1977 साली जॉर्ज बेन्सन या वादकासाठी काढलेली, अंगाने लहान. तिचे पिकअप पोटाला भोक न पाडता वर अधांतरी ठेवलेले असतात. मी तिच्यापुढे शेरा मारला : 'टू-बीएचके, हवेशीर.' आणि न्यूयॉर्कच्या जॉन डी'अँजेलिकोने स्वतःच्या हाताने केलेल्या गिटारी? तो 1964 सालीच वारला. त्याच्या गिटारींची चौकशी म्हणजे पैठणीच्या दुकानात शिरून पंख्याखाली बसून येण्यासारखं.

निर्णय एल-5 कडे झुकला, तोच एक भानगड कळली. पोकळ गिटार मोठ्या आवाजात वाजवली की स्पीकरचा आवाज तिच्या पोटात शिरतो, पोट थरथरतं आणि ती आपली आपणच ओरडायला लागते. पोट जितकं नाजूक कोरलेलं, तितकी ओरड जास्त. पापुद्र्यांचं जाड पोट सहसा ओरडत नाही, म्हणून व्यासपीठावर कित्येक मोठे वादक 175 घेऊन बसत. म्हणजे जो दोष म्हणून मी लाल शाईने लिहिला होता, तोच गुण निघाला. माझा ताळेबंद शनिवारी रात्री जुळे आणि रविवारी सकाळी विस्कटे.

शाखेत बातमी फुटायला वेळ लागला नाही. मॅनेजरसाहेब म्हणाले, "तेवढ्यात एक एफडी करा." आल्याच्या पिकासाठी कर्ज मागायला आलेल्या एका शेतकऱ्याने काचेतून वाकून चित्र पाहिलं, किंमत विचारली आणि घसा साफ करून म्हणाला, "सायेब, आतून पोकळच हाय ना? मंग एवढे पैशे कशाचे?"

या प्रश्नाला तक्त्यात रकाना नव्हता.

सौ. काही बोलत नसे. फक्त एकदा चित्र पाहून म्हणाली, "आमच्या तंबोऱ्याची तबलीसुद्धा अशीच फुगीर असते." तिचा तंबोरा मिरजेचा. लग्नाआधी ती गाण्याच्या परीक्षा देत असताना सासरे तिला मिरजेला घेऊन गेले. कारागिराने तंबोरा छेडला, तिने जवारी ऐकली, सासऱ्यांनी पैसे मोजले. सगळं मिळून पाऊण तास. तो तंबोरा गवसणीत गुंडाळून आमच्या कपाटावर आडवा पडलेला असतो. त्याच्या शेजारी मिक्सरचं खोकं. बावीस वर्षांत तो खाली आला, तो फक्त घराला रंग देताना.

अशात पुण्याचे पाहुणे आले. मंगळवारी लेणी बंद असतात आणि आमचे पाहुणे नेमके मंगळवारी येतात. हे मात्र रविवारी आले. त्यांना घेऊन आम्ही दहाव्या लेण्यात शिरलो. हे सातव्या शतकातलं चैत्यगृह. लोक याला 'सुतार का झोपडा' म्हणतात, कारण छताची कमान दगडाची, पण तिच्या फासळ्या लाकडी वाशांसारख्या कोरल्या आहेत. मी वर पाहिलं आणि चपापलोच. मी आर्चटॉपच्या पोटात उभा होतो!

वाटाड्याने स्तूपासमोर उभं राहून एक सूर लावला. गळा अगदी बेताचा, तंबाखूने खरवडलेला. पण त्याने तोंड मिटल्यावरही सूर वर फासळ्यांमध्ये हिंडत राहिला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, त्या टाळ्यासुद्धा सुरेल वाटल्या. मग पाहुणे बुद्धमूर्तीचे फोटो काढायला पुढे गेले आणि मागे खांबाआडून हळूच एक 'सा' आला. सौ.ने लावला होता. कुणी पाहत नाही अशा बेताने, थोडा कापरा. सगळी कमान त्याने भरली.

माझ्या तक्त्यात गिटारीच्या पोटाची रुंदी-खोली इंचाच्या सोळाव्या भागापर्यंत होती. एकाच घरात राहून बावीस वर्षांत या बाईचा 'सा' मी कधी ऐकला नव्हता, याची नोंद कुठेच नव्हती. परतीच्या वाटेवर त्या शेतकऱ्याचा प्रश्न आठवला. पोकळी विकत मिळते. आवाज ज्याचा त्याने न्यावा लागतो. मी काय नेणार होतो? सहा कॉर्ड. त्यातला एक तोंडओळखीचा.

तरी मुंबईला गेलो. हौस एवढ्याने मरत नाही. सौ.लाही बरोबर घेतलं. धोबी तलावाच्या एका दुकानात विक्रेत्याने तीन गिटारी काढल्या. एक कोरीव, एक जुनी 175 आणि एक साध्या घराण्यातली पापुद्र्यांची. ही तिसरी माझ्या तक्त्यात अकराव्या क्रमांकावर होती, शेरा : 'विचार करू नये.'

"काय वाजवता, सर?" त्याने अदबीने विचारलं.

चौदा महिन्यांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी कॉर्ड धरला. कोरीव गिटार माझ्यासारखी वाजली. 175 माझ्यासारखी वाजली. तिसरीही माझ्यासारखीच वाजली. लाखांचा फरक होता, तो माझ्या बोटांनी क्षणात शून्यावर आणला.

सौ. म्हणाली, "भाऊ, तुम्ही वाजवा. मी पाठ करून बसते. कुठली कुठली ते सांगू नका." तिने डोळे मिटले. तो वाजवत गेला. दोन फेऱ्या झाल्यावर ती म्हणाली, "ती शेवटची. तिच्यात खर्ज धरून राहतो आणि मधले सूर दबत नाहीत." पाऊण तासही लागला नाही. माहेरचं वळण!

ती शेवटची म्हणजे अकरावी होती. मला तिथल्या तिथे कोरीव लाकडावर व्याख्यान द्यावंसं वाटलं. पण किंमत थकबाकीत बसून वर सव्वाचौदा हजार उरत होते. त्यात तंबोऱ्याला नव्या तारा आल्या आणि मिरजेला नेऊन त्याची जवारीही काढून आणली. मिक्सरचं खोकं आता कपाटावर एकटंच आहे.

अमेरिकेत वेस माँटगोमेरी नावाचा थोर वादक होऊन गेला. दिवसा कारखान्यात राबायचा, रात्री एल-5 वाजवायचा. सरावाने शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून तो नुसत्या अंगठ्याने वाजवायला लागला, असं सांगतात. मीही रात्री जेवणानंतर अंगठ्यानेच वाजवतो. त्याच्यामाझ्यातलं साम्य तिथेच संपतं. परवा मी एफ धरायची खटपट करत होतो. शेजारी सौ. तंबोऱ्याच्या तारेखाली दोरा सरकवत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, तुमची चौथी तार उतरली आहे."

"वरून चौथी की खालून?"

"चौदा महिने अभ्यास कुणी केला?"

मी खुंटी पिळली. तिने मान हलवली, आणखी थोडी, आणखी, बास. मग तिने तंबोरा छेडला आणि मी माझा एकुलता एक बरा कॉर्ड धरून बसलो. बराच वेळ. शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला नाही.

तक्ता फाडला नाही. फ्रिजवर चुंबकाने लावलाय. त्याच्या कोऱ्या बाजूवर सौ. दुधाचा हिशेब लिहिते. तो मात्र दर महिन्याला जुळतो.