शाल, श्रीफळ आणि कथा

सत्कारसमारंभाविषयी माझ्या मनात थोडी अढी आहे, आणि ती लपवण्याचे मला कारण दिसत नाही. हार, शाल, श्रीफळ, लांबत जाणारी भाषणे, आणि या साऱ्यांच्या मधोमध नवरदेवासारखा अवघडून बसलेला तो सत्कारमूर्ती! तरीही वाशिमला कोणा लेखकाचा सत्कार आहे असे कळले की माझी पावले तिकडे वळतात. त्याचे कारण जुने आहे.

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त एक गोड कथा सांगितली आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून निघून गेला, तेव्हा त्याला प्रेमपाशात बांधण्यासाठी गौरीने साहित्यविद्या ही वधू निर्माण केली. ती त्याच्या मागोमाग देशोदेशी हिंडली, आणि अखेर त्यांचा गांधर्वविवाह झाला तो या वत्सगुल्मात! हाच राजशेखर म्हणतो की, राजाने मोठ्या नगरांत काव्यपरीक्षेसाठी सभा भरवाव्यात आणि जो उत्तीर्ण होईल त्याला रथात बसवून मिरवावे. उज्जयिनीत कालिदासाचीही परीक्षा झाल्याची वार्ता त्याने नोंदवली आहे. तेव्हा स्पर्धेचे नाव काढताच नाक मुरडणाऱ्यांनी जरा जपून असावे.

गेल्या वर्षी तेथील एका लहानशा साहित्यमंडळाने आपल्या तीन सभासदांचा असा गौरव केला. रथ अर्थातच नव्हता. कोणाला कवितेचे बक्षीस मिळाले होते, कोणाला निबंधाचे. आणि एका तरुण शिक्षिकेला कथेचे पहिले. वक्त्यांनी स्पर्धेचे नाव सांगितले, आलेल्या कथांची संख्या सांगितली, परीक्षकांची थोरवी गायिली. याच जिल्ह्यातील नामदेव कांबळे यांच्या ‘राघववेळ’ला 1995 साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, याचे स्मरण तर प्रत्येकानेच दिले, आणि ते योग्यच होते. दीड तास लोटला. कथेत आहे तरी काय, हे मात्र एकानेही सांगितले नाही.

तेव्हा मागच्या रांगेतून एक निवृत्त गुरुजी उठले. म्हणाले, “आपला राजा सर्वसेन. त्याने प्राकृतात ‘हरिविजय’ लिहिले. आज त्याची पोथी कोठे मिळत नाही. काश्मिरातल्या आनंदवर्धनाने, माळव्याच्या भोजाने ते वाचले, नावाजले, म्हणून त्याचे नाव आणि थोड्या गाथा तरी उरल्या. राजाची ही गत, मग आपली काय! बाई, कथा वाचा.”

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले. पण बाईंनी पिशवीतून कागद काढलेच होते. चहा आला आणि तसाच निवत राहिला. कथा होती सोयाबीनच्या शेतात रोजाने राबणाऱ्या एका आईची. सुरुवातीला बाईंचा आवाज कापत होता. मजुरी मोजून घेण्याचा प्रसंग आला तेव्हा तो स्थिर झाला, आणि सभागृहातली कुजबूज थांबली. भाषणांत इतका वेळ कंटाळलेली मुलेसुद्धा ऐकू लागली.

वाचन संपले. टाळ्या ओसरल्यावर खिडकीजवळ बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने विचारले, “पोरी, तू सारखी कापणी कापणी का म्हनतं? आपल्याकडं सोंगणी म्हनतात ना?”

शिक्षिका ओशाळली. “परीक्षक लांबचे होते, आजी. त्यांना कळेल न कळेल, म्हणून...”

“त्यायनं तर देलं ना बक्षीस आता?” आजी म्हणाल्या.

सभेत हशा पिकला. बाईंनी शेजाऱ्याकडून लेखणी मागून घेतली, शालीची घडी मांडीवर ठेवून तिच्यावर कागद पसरले, आणि पहिल्या पानापासून एकेक ‘कापणी’ खोडायला सुरुवात केली.