मल्लेश्वरममध्ये घर घेताय? आधी चालून पाहा!

पुण्याहून किंवा नागपूरहून बंगळूरला बदली झाली की बहुतेक कुटुंबे ऑफिसजवळचे घर शोधू लागतात. नवरा-बायको सकाळी कामावर निघून जातात. पण मागे राहिलेल्या आजींना कोथिंबिरीच्या जुडीसाठीही रिक्षा करावी लागली, तर त्या घराचा काय उपयोग? पायी चालत सगळी कामे उरकता येतील अशा वस्त्या या शहरात आता थोड्याच उरल्या आहेत. मल्लेश्वरम त्यांतलीच एक.

1898 साली बंगळूरच्या दाट पेठांमध्ये प्लेग शिरला आणि मोकळ्या हवेची नवी उपनगरे वसवण्याच्या कामाला वेग आला. उत्तरेला मल्लेश्वरम, दक्षिणेला बसवनगुडी. काटकोनात छेदणारे रस्ते आणि आडव्या गल्ल्यांना नावांऐवजी क्रमांक. त्यामुळे ‘आठवा क्रॉस’ सापडला की नववा शोधावा लागत नाही. उभ्या रस्त्यांपैकी संपिगे रोड म्हणजे आपल्या चाफ्याचा रस्ता, तर मार्गोसा रोड कडुलिंबाचा.

मराठी माणसाला इथे आणखी एक ओळखीची खूण भेटते. ज्या देवळावरून वस्तीला नाव मिळाले, त्या काडु मल्लेश्वराला शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी गाव इनाम दिल्याचा 1669 चा शिलालेख आहे. ‘काडु’ म्हणजे रान. आता रान गेले, देऊळ मात्र गजबजलेले असते.

आठव्या क्रॉसचा बाजार सकाळीच भरू लागतो. मोगऱ्याचे गजरे, केळीची पाने, पूजेचे सामान, भाजी, सारे हाताशी. मार्गोसा रोडवरच्या ‘सीटीआर’मधला लोणी-डोसा आणि पंधराव्या क्रॉसच्या ‘वीणा स्टोअर्स’मधली इडली खायला लोक लांबून येतात, इथले रहिवासी चपला घालून जातात! संध्याकाळच्या फेरीला 1882 साली बांधलेला सँकी तलाव आहे आणि 2014 पासून संपिगे रोडच्या टोकाला मेट्रोही आहे.

अर्थात, पदपथ सगळीकडे धड नाहीत. कुठे फरशी हलते, कुठे स्कूटर आडवी उभी असते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला सोबत नेऊन एकदा तरी चालून पाहावेच.

आता मुख्य अडचण, म्हणजे अनामत! बंगळूरमध्ये दहा महिन्यांचे भाडे आगाऊ घेण्याची जुनी रीत आहे. समजा, भाडे तीस हजार. तर सामान उतरवण्याआधीच तीन लाख मोजायचे, आणि त्यावर व्याज नाही. 2021 मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी कमाल दोन महिन्यांची अनामत सुचवली आहे. पण तो राज्यांनी स्वीकारायचा नमुना आहे. त्याचा हवाला देऊन घरमालक ऐकेल अशी आशा धरू नये. घासाघीस मात्र जरूर करावी. घर सोडताना रंगकामापोटी महिन्याचे भाडे कापण्याचीही पद्धत आहे. किती कापणार आणि उरलेली रक्कम किती दिवसांत देणार, हे अकरा महिन्यांच्या करारातच लिहून घ्यावे. तोंडी आश्वासन देणारा मालक कितीही गोड बोलला तरी!

‘भोग्य’ हा प्रकारही इथे चालतो. मालकाला एकदम मोठी रक्कम द्यायची, दरमहा भाडे नाही, मुदत संपली की पैसे परत. ऐकायला छान वाटते. पण घरावर बँकेचे कर्ज असेल आणि मालकाने हप्ते थकवले, तर भाडेकरूची आयुष्यभराची पुंजी अडकू शकते. कागदपत्रे वकिलाला दाखवल्याशिवाय आणि करार नोंदवल्याशिवाय एक पैसाही देऊ नये.

घर शोधायला दलाल आहेतच. त्यांना साधारण महिन्याचे भाडे द्यावे लागते. जुन्या घरांच्या फाटकांवर मात्र अजूनही ‘टू-लेट’ची पाटी दिसते. असे घर पायी फिरणाऱ्यालाच सापडते. मालक बहुधा तळमजल्यावर राहतात आणि मांसाहार करता का, घरात माणसे किती, पाहुणे किती दिवस राहतात, सगळे विचारतात. रागावू नये, आपणही विचारावे. कावेरीचे पाणी कोणत्या दिवशी येते? बोअरवेल उन्हाळ्यात आटते का? 2024 च्या टंचाईत टँकर मागवावा लागला होता का, आणि त्याचे पैसे कोणी दिले? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मालकाकडून ऐकल्यावर, जिना उतरताना शेजारच्या भाडेकरूलाही विचारून घ्यावे.